धार एकट्याची नसते



२४ मार्च २०२० रोजी, अमेरिका टाळेबंदीत शिरत असताना, टिंबालँड आणि स्विझ बीट्स हे हिप-हॉपमधले दोन नामांकित प्रोड्युसर इन्स्टाग्रामवर एकमेकांसमोर आले. एकाने आपले गाणे वाजवायचे, दुसऱ्याने आपल्या गाण्याने त्याला उत्तर द्यायचे, असा तो सामना होता. त्यातून ‘व्हर्झुज’ नावाची मालिका उभी राहिली आणि घरात अडकलेल्या लाखो लोकांनी ती आनंदाने ऐकली. पण या मालिकेत वाजत होती ती बहुतेक गाणी दहा-वीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हापासून एक प्रश्न सतत विचारला जातो आहे. ज्यांनी जगाचे कान बदलले, त्या प्रोड्युसरांची धार गेली का?

आज मी या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. धार जाते, हे खरे आहे. पण ती वयामुळे जात नाही आणि यंत्रांमुळेही जात नाही. ती कधीच एकट्या माणसाची नसते. ज्या सोबतीत ती तयार झाली ती सोबत सुटली, की ती जाते.

आधी प्रोड्युसर काय करतो ते पाहू. आपल्या चित्रपटसंगीतात संगीतकार चाल देतो, अरेंजर वाद्यमेळ बसवतो, रेकॉर्डिस्ट ध्वनिमुद्रण सांभाळतो. हिप-हॉपमध्ये आणि आजच्या पॉपमध्ये या तिन्ही कामांचा मोठा भाग प्रोड्युसरकडे असतो. रॅपर शब्द आणतो. ते शब्द ज्यावर उभे राहतात तो ठेका, तो नाद, मधली शांतता, हे सगळे प्रोड्युसरचे. त्यालाच बीट म्हणतात.

आता नव्वदच्या दशकातल्या व्हर्जिनियात जाऊ. नॉरफोक आणि व्हर्जिनिया बीच ही समुद्रकाठची शहरे. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या हिप-हॉपच्या दोन्ही राजधान्यांपासून दूर. याच परिसरात टिमथी मोझली, म्हणजे पुढचा टिंबालँड, आणि रॅपर मिसी एलियट वाढले. इथेच फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो शाळकरी वयात बँडच्या उन्हाळी शिबिरात भेटले आणि पुढे ‘नेपच्युन्स’ झाले. टिंबालँड आणि फॅरेल तर तरुणपणी एकाच गटात होते. टेडी रायली या तेव्हाच्या मोठ्या प्रोड्युसरने व्हर्जिनिया बीचला स्टुडिओ थाटला होता आणि शाळेच्या एका कलागुण स्पर्धेत त्याने नेपच्युन्सना हेरले. टिंबालँड आणि मिसी डिव्हँट स्विंग या प्रोड्युसरच्या मंडळींत सामील झाले आणि नाव होण्याआधीची काही वर्षे त्यांनी तिथे नुसते काम केले.

या सोबतीतून काय निघाले? १९९८ साली आलियाच्या ‘आर यू दॅट समबडी’मध्ये टिंबालँडने तान्ह्या बाळाचा हुंकार ठेक्यात बसवला. त्या गाण्यात ढोल पडतो, थांबतो, आणि ती थांबलेली जागाच नाचायला लावते. २००१ मध्ये मिसीच्या ‘गेट युअर फ्रीक ऑन’मध्ये पंजाबी तुंबीची धून आणि तबला आला. २००२ मध्ये क्लिप्स या जोडीच्या ‘ग्राइंडिन’मध्ये नेपच्युन्सनी सुरावट जवळजवळ काढूनच टाकली आणि नुसत्या आघातांवर गाणे उभे केले. अमेरिकेतली शाळकरी मुले तो ठेका जेवणाच्या टेबलांवर हातांनी वाजवू लागली. २००४ मध्ये स्नूप डॉगच्या ‘ड्रॉप इट लाइक इट्स हॉट’मध्ये जिभेचा टॉक्क असा आवाज हेच प्रमुख वाद्य झाले.

ही किमया यंत्रांची नव्हती. नेपच्युन्सचा कॉर्ग ट्रायटन हा कीबोर्ड कुणालाही दुकानात विकत मिळत होता. टिंबालँडच्या एन्सॉनिक सॅम्पलरची साठवण आजच्या मानाने तुटपुंजी होती. मोठ्या शहरांत काय चालते याचे दडपण या मुलांवर नव्हते. शेजारी तोलामोलाची माणसे होती, आणि शेजाऱ्याला चकित करायचे तर कालचे आज पुन्हा देऊन भागत नव्हते. धार आली ती तिथून.

मग ती जाते कशी? पहिले उत्तर नेहमी वयाचे दिले जाते. ते मला मान्य नाही. ‘थ्रिलर’ १९८२ मध्ये आला तेव्हा त्याचे प्रोड्युसर क्विन्सी जोन्स एकोणपन्नास वर्षांचे होते. स्वीडनचा मॅक्स मार्टिन सत्तावीस वर्षांचा असताना त्याने केलेले ब्रिटनी स्पिअर्सचे पहिले गाजलेले गाणे बाहेर पडले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याने द वीकेंडच्या ‘ब्लाइंडिंग लाइट्स’वर काम केले, आणि २०२१ मध्ये ‘बिलबोर्ड’ने आपल्या हॉट १०० यादीच्या संपूर्ण इतिहासातले सर्वांत यशस्वी गाणे म्हणून त्यालाच पहिला क्रमांक दिला.

दुसरे उत्तर तयार मालाचे दिले जाते. संगणकात आयते ठेके मिळतात, म्हणून प्रतिभा आळसावली, असे म्हणतात. पण रिहानाच्या २००७ च्या ‘अम्ब्रेला’चा ठेका ॲपलच्या गॅरेजबँडमधल्या आयत्या लूपवरचा आहे. तो लूप त्या संगणकाच्या प्रत्येक मालकाकडे होता. ट्रिकी स्टुअर्ट आणि द-ड्रीम यांना त्यात जे ऐकू आले ते इतरांना आले नाही.

उसनवारीचेही तसेच. ब्रिटनीच्या ‘टॉक्सिक’मधले ते धारदार व्हायोलिन मुंबईचे आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘एक दूजे के लिए’ या १९८१ च्या चित्रपटातल्या ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातून ब्लडशाय अँड अवांत या स्वीडिश जोडीने ते तुकडे घेतले, त्यांना गिटारची जोड दिली आणि मूळ गाण्याशी भावनेने काहीही नाते नसलेले गाणे घडवले. २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला. घेतलेल्या वस्तूचे रूप पालटणे ही निर्मितीच आहे.

याच्या शेजारी २०२२ ची दोन गाणी ठेवा. निकी मिनाजच्या ‘सुपर फ्रीकी गर्ल’खाली रिक जेम्सचे १९८१ चे ‘सुपर फ्रीक’ जवळजवळ जसेच्या तसे वाजते. डेव्हिड गेटाने बेबी रेक्साबरोबर केलेल्या ‘आय अ‍ॅम गुड’मध्ये आयफेल ६५ या इटालियन गटाची नव्वदच्या दशकाच्या शेवटची धून उचललेली आहे. दोन्ही गाणी प्रचंड चालली. पण श्रोत्याला जे आधीच आवडते तेच त्याच्या हाती परत दिले गेले. बोथटपणा मी याला म्हणतो.

हा बोथटपणा का वाढला, याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण यशातच आहे. एखाद्याचा नवा नाद गाजला की दोन-तीन वर्षांत सगळेच तो नाद काढू लागतात. मूळ माणूस मग पेचात सापडतो. तेच करत राहिला तर तो गर्दीतला एक होतो. बदलला तर कंपनी विचारते, तुमचा तो आवाज कुठे गेला? नामवंताला लोक त्याच्या कालच्या कामासाठी पैसे देतात. त्यामुळे त्याच्यावरचा दबाव नेहमी मागे ओढणारा असतो.

दुसरे कारण कायद्याचे आणि भांडवलाचे आहे. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने परवानगीविना सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा, वापरणे ही चोरी ठरवली. ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाचे प्रोड्युसर बॉम्ब स्क्वॉड एकेका गाण्यात अनेक तुकड्यांची गर्दी करत, ती पद्धत त्यानंतर परवडेनाशी झाली. २०१५ मध्ये ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्यावरच्या नकलेच्या खटल्यात ज्युरीने गायक मार्विन गे यांच्या वारसांच्या बाजूने कौल दिला. ७४ लाख डॉलरची भरपाई पुढे ५३ लाखांवर आली आणि २०१८ मध्ये निकाल अपिलातही टिकला. त्या गाण्याचा प्रोड्युसर फॅरेल होता. एखाद्या जुन्या गाण्याच्या ढंगाजवळ गेलो तरी आपण कोर्टात ओढले जाऊ, ही धास्ती त्या दिवसापासून स्टुडिओत शिरली. २०२१ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या गाण्यांना प्रसिद्धीनंतर इतरांची श्रेये जोडली गेली, ती याच वातावरणात. शिवाय गाण्यांचे हक्क गुंतवणूकदारांनी विकत घेतले; टिंबालँडनेही २०१९ मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क हिपग्नोसिस या फंडाला विकले. ज्याने जुन्या धुनेत पैसा गुंतवला, त्याला ती पुन्हापुन्हा वाजायला हवी असते.

माझ्या मते तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. मोठा झालेला माणूस एकटा पडतो. स्टुडिओत त्याला नाही म्हणणारे कोणी उरत नाही. फॅरेल आणि चॅड ह्यूगो यांच्यात नेपच्युन्स या नावाच्या मालकीवरून २०२४ मध्ये कायदेशीर वाद उभा राहिला, हे मला म्हणूनच फार दुःखाचे वाटते. शाळेपासून एकत्र वाढलेले दोन कान वेगळे झाले.

ज्यांची धार टिकली किंवा परतली, त्यांच्याकडे पाहिले की हे कारण पक्के होते. २००६ मध्ये टिंबालँड पुन्हा शिखरावर गेला तो नेली फर्टाडो आणि जस्टिन टिंबरलेक यांच्या अल्बमांमुळे. त्या वेळी त्याच्या शेजारी व्हर्जिनियाचाच एक तरुण बसला होता, डँजा. ‘ब्लाइंडिंग लाइट्स’मध्ये मॅक्स मार्टिनबरोबर त्याच्यापेक्षा तरुण ऑस्कर होल्टर होता. लॉस एंजेलिसचा प्रोड्युसर मस्टर्ड २०११ मधल्या ‘रॅक सिटी’पासून काही वर्षे रेडिओवर राज्य करून मागे पडला होता. २०२४ मध्ये केंड्रिक लमारच्या ‘नॉट लाइक अस’ने तो परतला आणि त्या गाण्याने पाच ग्रॅमी मिळवले. केंड्रिक त्याच्याच परिसरातला, आणि समोरच्याकडून अधिक मागणारा. २०२५ मध्ये क्लिप्सचे दोघे भाऊ बऱ्याच वर्षांनी एकत्र आले. त्यांचा संपूर्ण अल्बम फॅरेलने केला, तोही लुई व्हितॉनच्या पुरुषवस्त्रांचा प्रमुख म्हणून पॅरिसमध्ये काम करत असताना. त्याच्या आधीच्या कित्येक वर्षांच्या कामापेक्षा तो मला अधिक टोकदार वाटतो, कारण समोर त्याला तरुणपणापासून ओळखणारी माणसे होती.

डॉ. ड्रे या प्रोड्युसरचा दाखला वेगळा आहे. ‘डिटॉक्स’ या अल्बमची त्याने वर्षानुवर्षे तयारी केली आणि २०१५ मध्ये, तो आपल्याला आवडला नाही म्हणून सोडून दिल्याचे सांगितले. त्याआधीच्याच वर्षी ॲपलने त्याची बीट्स कंपनी ३०० कोटी डॉलरला घेतली होती. पैशांसाठी काहीही बाजारात आणायची त्याला गरज नव्हती, आणि त्याने ‘डिटॉक्स’ आणला नाही. वाईट काम थांबवता येणे हीदेखील धारच आहे. ती शाबूत असल्याचा तो पुरावा आहे.

आता यंत्राचा मुद्दा. २०२४ मध्ये टिंबालँड सुनो या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगीत कंपनीचा सल्लागार झाला. २०२५ मध्ये त्याने यंत्रनिर्मित गायिकाही पुढे आणली. मला हे मनापासून खुपते. यंत्र वापरले म्हणून नव्हे. हिप-हॉप यंत्रांतूनच जन्मले आहे. खुपते ते यासाठी की हे यंत्र कधीच नाही म्हणत नाही. मागाल तितक्या वेळा ते होकारच देते. मिसी एलियट समोर बसून जे मागायची, ते मागणारे तिथे कोणी नसते.

एकीकडे नामवंत असे थकतात, पण या कलेचे तसे नाही. २०१८ मध्ये यंगकिओ या डच तरुणाची बीट लिल नॅस एक्सने इंटरनेटवरून ३० डॉलरला घेतली. त्यातून ‘ओल्ड टाउन रोड’ झाले आणि २०१९ मध्ये ते सलग एकोणीस आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. फिनियस ओकॉनेलने बहीण बिली आयलिशबरोबर घरातल्या खोलीत अल्बम केला आणि २०२० चा सर्वोत्तम प्रोड्युसरचा ग्रॅमी मिळवला. पुन्हा दोघे, पुन्हा एक खोली, पुन्हा मोठ्या स्टुडिओंच्या रिवाजांपासून दूर. व्हर्जिनियाची गोष्ट संपलेली नाही. ती दर काही वर्षांनी दुसऱ्या गावात घडते.

श्रोतेहो, आपल्या मुंबई-पुण्यातही मुले आज लॅपटॉपवर बीट बनवत आहेत. त्यांना मी तीन गोष्टी सांगेन. नाही म्हणणारा मित्र सांभाळा. तो तुमच्या सर्व उपकरणांपेक्षा मोलाचा आहे. घ्याल त्याचे रूप पालटा. आणि ज्याचे घ्याल त्याचे नाव द्या. लताबाईंनी गायलेले, बप्पी लाहिरींनी बांधलेले ‘थोडा रेशम लगता है’ २००२ मध्ये ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्यात विनाश्रेय वाजले, आणि लाहिरींचे नाव छापल्याशिवाय ते विकू नये असा आदेश २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला द्यावा लागला. ती वेळ आपल्या कुणावर आणू नका.

आणि आपण ऐकणाऱ्यांनीही एक करावे. आवडत्या कलावंताकडे जुनेच मागत राहू नये. त्याचे नवे काम कानाला खटकले तर ते आणखी एकदा ऐकावे. कलावंताला नाही म्हणणाऱ्या मित्राइतकीच, नवे ऐकायला तयार असलेल्या श्रोत्याची गरज असते. तो श्रोता आपण व्हावे, एवढीच माझी विनंती आहे.