एक कपाट, चार हात



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून पुष्कळांनी आम्हांला विचारले, की संगणकांच्या सामाईक साठवणीवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? आमचे उत्तर असे, की ज्या घरात चार माणसे एकाच कपाटात कागद ठेवतात, त्या घरात हा प्रश्न उभा राहिलेलाच असतो. आम्ही संकलक मंडळी तो जबर किंमत देऊन शिकलो, एवढेच.

पूर्वी फिल्म हातात धरून कापावी लागे. कापलेले तुकडे कापडाचे अस्तर लावलेल्या पेटीवर टांगून ठेवीत. त्या पेटीला ‘बिन’ म्हणत. एक तुकडा एका वेळी एकाच्याच हाती असावयाचा, हा तेथे निसर्गाचाच नियम होता. आज चार टेबलांवरचे चार संगणक तारेने एकाच साठवणीला जोडलेले असतात आणि तोच प्रसंग चौघांच्या पडद्यांवर एकदम दिसतो. सोय मोठी झाली. पण निसर्गाचा नियम गेला. त्याच्या जागी नियम आता आपणच घालावयाचा आहे.

साठवण वाटून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात मध्ये एक कारकून बसतो. त्याला सर्व्हर म्हणतात. फाइल त्याच्याकडे मागावयाची, त्याच्याकडेच परत द्यावयाची. कोणते पान कोठे आहे याची वही तो एकटा लिहितो. एसएमबी आणि एनएफएस ही या व्यवहाराच्या दोन प्रचलित रीतींची नावे. दुसऱ्या मार्गात, म्हणजे आय-स्कझी किंवा फायबर चॅनेलमध्ये, कारकून नसतो. संगणकाला डिस्कच सरळ हाती मिळते आणि ती आपलीच खाजगी आहे असे तो समजतो.

आता कल्पना करा, की एका गावात दोन तलाठी नेमले आहेत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. दोघांनीही सकाळी दप्तर पाहून रिकाम्या जमिनीची यादी मनात ठेवली. दुपारी एकाने ओढ्याकाठचे शेत रामाला दिले, दुसऱ्याने तेच गोविंदाला. दोघेही प्रामाणिक, दोघांच्याही नोंदी बिनचूक. पण शेताची वाट लागली!

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. एका वृद्ध शाहिराच्या मुलाखती आम्ही आणि आमचा एक सहकारी जोडीत होतो. डिस्कांची पेटी दोन्ही यंत्रांना दिसू लागली, तेव्हा काम झाले असे आम्ही समजलो. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली, तो फाइलींची नावे जागच्या जागी, पण आत अर्धे त्याचे, अर्धे आमचे, आणि एकही धड उघडेना. कॅमेऱ्याची कार्डे आम्ही पुसून पुन्हा वापरली होती. शाहीर तोवर निवर्तले होते.

यावर उपाय काय? एक तर कारकून ठेवावा. नाही तर एक्ससॅन किंवा स्टोअरनेक्स्ट यांसारखी, अनेक यंत्रांसाठीच रचलेली फाइल-व्यवस्था घ्यावी. तिच्यात नोंदींची वही सांभाळणारे यंत्र वेगळे असते. ‘एकाने लिहावे, बाकीच्यांनी नुसते वाचावे’ ही तोडही उघड्या डिस्कवर निर्धोक नाही, कारण वाचणाऱ्याच्या स्मरणातली यादी शिळी झालेली असते.

कारकून बसला तरी माणसे उरतातच. एकच प्रकल्प दोघांनी उघडला, तर शेवटी जतन करणाऱ्याचे काम राहते आणि आधीच्याचे पुसते. म्हणून ॲव्हिडमध्ये बिन प्रथम उघडील त्याच्या हाती लेखणी, इतरांना केवळ वाचन. प्रीमियरमध्येही २०२० पासून ‘प्रॉडक्शन्स’मध्ये अशीच कुलपे आली. मूळ चित्रणाला मात्र वाचनापलीकडे कोणालाच अधिकार देऊ नये. वेगाची अडचण त्या मानाने सोपी. फोर-केच्या प्रोरेस ४२२ एचक्यू चित्रणाला, सेकंदाला २५ चौकटी धरल्यास, सुमारे ७३७ मेगाबिट लागतात. म्हणजे एक गिगाबिटच्या तारेतून एकच प्रवाह जातो. दहा गिगाबिटची तार घेतली की भागते. शिस्त अशी बाजारात मिळत नाही.

शेवटची गोष्ट राखणीची. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने सामाईक साठवणीतील बहुतेक चित्रपट पुसला गेला. राखीव प्रती पाहिल्या, तो त्याही नीट झालेल्या नव्हत्या. गॅलिन सुसमन या बाईंनी तान्ह्या बाळामुळे घरून काम करण्यासाठी एक प्रत घरी नेली होती, म्हणून चित्रपट वाचला. रेडची पेटी एखादी डिस्क मेली तर सांभाळून घेते. चुकीची आज्ञा मात्र ती इमानाने पाळते.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की लेखणी एका वेळी एकाच्याच हाती ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एक फाइल उघडून पाहा. आम्ही ती पाहिली असती, तर आज हे व्याख्यान देण्याऐवजी त्या शाहिरांचा आवाज आपल्याला ऐकविला असता.