लांबच्या नव्या घरी जाताना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)

मंडळी, यंदा आपल्यातली तीन घरं पुणे-बंगळूरला चाललीत, म्हणून हे दोन शब्द. फ्लॅट बघायला गेलात की आधी वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात टँकर किती येतात? आपल्याला मोरबे धरणाच्या पाण्याची सवय, तिथे डोळ्यांत पाणी यायचं! शेअर सर्टिफिकेट, करारनामा ट्रकमध्ये नको, स्वतःच्या पिशवीत. इथलं घर भाड्याने देणार असाल तर सोसायटीला कळवा. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, तेव्हा लपवाछपवी कशाला? आणि आई-बाबा इथेच राहणार असतील तर एक किल्ली शेजारी द्या. रात्री दोनला तुम्ही बंगळूरहून पोचणार नाही, समोरच्या काकू पोचतील. त्यांना डॉक्टरांचा नंबर द्या, औषधांची यादी फ्रिजवर चिकटवा.