बॉनेट नीट बसलं का?

आज आम्ही बचतीबद्दल नाही, गाडीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटाची एक जुनी पिकअप आहे. तिच्यातून आम्ही टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात नेतो. आमच्यातलीच एक ताई गाडी चालवते. गेल्या पावसाळ्यापासून बॉनेट पहिल्या फटक्यात बसत नव्हतं. आम्ही दोघी-तिघी मिळून ते दणकन आपटायचो. बसल्यासारखं दिसलं की निघायचो.

एके दिवशी भर रस्त्यात बॉनेट हलायला लागलं. ताईला वाटलं, पुढच्या फाट्यावर थांबून बघू. तेवढ्यात ते उघडून थेट समोरच्या काचेवर आदळलं. पुढचं काही दिसेना. पण ताईने एकदम ब्रेक दाबला नाही. बाजूच्या खिडकीतून बघत, वेग हळूहळू कमी करत तिने गाडी डावीकडे घेतली. माणसं वाचली. काच आणि बिजागऱ्यांचा खर्च मात्र गटाच्या पैशातून झाला. वर "बायकांच्या हाती गाडी दिली की असंच," हेही ऐकून घ्यावं लागलं.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आमच्या गावात राहतात. त्यांनी आम्हाला बॉनेटचं लॉक उघडून दाखवलं. आत चिखल आणि वाळलेलं ग्रीस. सगळ्या गोंधळाचं मूळ तिथंच होतं.

बॉनेटला दोन अडसर असतात. एक मुख्य लॉक. बॉनेटखालची कडी त्यात अडकते. दुसरा म्हणजे हूक. लॉक सुटलं तरी बॉनेट पूर्ण उघडू नये म्हणून तो असतो. नुसत्या हुकावर गाडी चालवायची नसते. आमचा तर हूकही चिखलाने जाम झाला होता.

काकांनी शिकवलेलं आता सांगतो. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून गार होऊ द्या. बॉनेटला टेकूचा दांडा नीट लावा.

आधी गाडीतली बॉनेटची मूठ बघा. ओढल्यावर ती परत जागेवर जाते का? केबल अडकली असेल तर लॉक धरत नाही.

मग जुना ब्रश डिझेलमध्ये बुडवून लॉक आणि हूक घासून काढा. जवळ विडी, काडेपेटी नको. फडक्याने पुसा, वाळू द्या, थोडं नवं ग्रीस लावा. हूक स्प्रिंगने आपोआप मागे येतो का, तेही बघा.

आता स्क्रूड्रायव्हरने लॉकचा आकडा बंद होण्याच्या दिशेला दाबा. खट्ट आवाज होऊन तो अडकला पाहिजे. दुसरीने मूठ ओढल्यावर तो सुटला पाहिजे. चाचणी झाली की मूठ ओढून आकडा उघडा ठेवा, आणि मगच बॉनेट लावा. बंद आकड्यावर बॉनेट आपटलं तर लॉक वाकतं.

आकडा चालतो आणि तरी बॉनेट बसत नाही, तर कडी आणि लॉक समोरासमोर येत नसतील. लॉकभोवती खडूने खूण करा, नट थोडे सैल करा, लॉक किंचित सरकवा, नट परत आवळा. पुढच्या कोपऱ्यांतली रबरी बटणं जास्त वर आली असतील तर फिरवून थोडी खाली घ्या.

स्प्रिंग तुटली असेल, लॉक वाकलं असेल किंवा केबल तुटली असेल, तर गॅरेजच गाठायचं. तिथे गाडी नेताना बॉनेट दोरीने घट्ट बांधायचं आणि वेग कमी ठेवायचा.

बॉनेट आपटायचं नाही. साधारण वीतभर उंचीवरून सोडायचं. मग पुढची कड हाताने वर ओढून बघायची. वर उचललं गेलं, तर बसलेलं नाही.

आता बाजाराच्या दिवशी निघण्याआधी आमच्यातली एकजण कड ओढून बघते आणि वहीत सही करते. दर महिन्याला लॉक साफ करायची पाळीही लावली आहे. तुमच्या गटाची गाडी असेल, नाहीतर घरची असेल, उद्या सकाळी तेवढी कड ओढून बघा. एक मिनिटही लागत नाही.