बायपासपूर्वी फुप्फुसांचा दाबही विचारावा



हृदयविकाराचे निदान झाले की कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो ब्लॉकेज किती, हा. अँजिओग्राफीतील टक्केवारी सर्वांना तोंडपाठ होते, नागपूर की मुंबई याचा खल सुरू होतो. आणि इको तपासणीच्या कागदावरील एक आकडा मात्र कोणी वाचीत नाही. तो आकडा हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाबाचा असतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब निराळा.

हृदयाचा डावा कप्पा सर्व शरीराला रक्त पुरवितो. त्याची भिंत जाड असते. उजव्या कप्प्याला केवळ फुप्फुसांपर्यंतच रक्त पोहोचवावयाचे असते. शरीरातील १२०/८० दाबाच्या तुलनेत तेथील निरोगी दाब सुमारे २५/१० इतकाच, म्हणून त्याची भिंतही पातळ. हा दाब कायमचा वाढला की त्यास पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. पूर्वी सरासरी २५ ही त्याची मर्यादा होती. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती २० वर आणली. इकोच्या कागदावर असतो तो मात्र वरचा दाब, आणि तोही अंदाजाने काढलेला. त्याची तुलना या सरासरीशी करून कोणी घाबरून जाऊ नये. शंका असल्यास नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजता येतो.

बायपासने हृदयाच्या स्नायूंना रक्ताची नवी वाट मिळते. फुप्फुसांतील दाब त्याने लगेच उतरतोच असे नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर प्राणवायू थोडा कमी पडला, कर्बवायू साचला, तरी फुप्फुसांतील वाहिन्या आकसतात. आधीच थकलेला उजवा कप्पा तो भार न पेलून फुगतो, डावीकडे पुरेसे रक्त येत नाही आणि मूत्रपिंडांपर्यंत सर्वत्र ओढ बसते. जोडलेल्या वाहिन्या उत्तम असूनही रुग्ण खालावतो, आणि नातेवाइकांना त्याचे कारण उमगत नाही.

शल्यविशारदांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. युरोपातील १२८ रुग्णालयांतील सुमारे १९,००० रुग्णांच्या नोंदींवरून १९९९ मध्ये युरोस्कोअर ही जोखीम-मोजणी तयार झाली. तीत वरचा दाब ६० पेक्षा अधिक असणे हा धोक्याचा स्वतंत्र घटक धरला होता. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत ३१ ते ५५ आणि ५५ च्या वर अशा दोन पायऱ्या केल्या गेल्या. म्हणजे मध्यम वाढही आता हिशेबात घेतली जाते.

दाब वाढण्याचे सर्वांत मोठे कारण डाव्या हृदयाची दुर्बलता किंवा झडपांचा विकार. दुसरे कारण जुनाट श्वसनरोग, आणि येथे वर्धा जिल्ह्याने विशेष सावध असावे. विडी-सिगारेट आहेच, परंतु आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांची फुप्फुसेही धुराने तितकीच झिजतात. हिंगणघाट, पुलगाव हा कापसाचा मुलूख. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे कापसाची धूळ श्वासावाटे घेतलेल्या माणसाचा खोकला सवयीचा समजला जातो. डॉक्टरांनी विचारल्याखेरीज तो स्वतःहून सांगतही नाही. तो सांगितला पाहिजे. झोपेत मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकणे, हेही सांगावे.

दाब वाढलेला आहे म्हणून बायपास टाळावीच असे नाही. स्थिती निकडीची नसेल तर काही आठवडे तयारीस मिळतात: धूम्रपान पूर्ण बंद, फुप्फुसांवर औषधोपचार, श्वसनाचा व्यायाम, अंगातील जादा पाणी काढणाऱ्या गोळ्या. भूलतज्ज्ञही आधीपासून सज्ज राहतात. श्वासावाटे द्यावयाचा नायट्रिक ऑक्साइड वायू गरज पडल्यास उपलब्ध आहे का, हे आधी पाहता येते. छातीतील वेदना थांबत नसेल तेव्हा मात्र इतकी सवड नसते.

पर्युषणात चौविहार उपवास करणाऱ्या हृदयरुग्णांनी पाणी काढणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत किंवा पाण्याविना चालूही ठेवू नयेत. उपवासाची कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी. सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये असल्याने इकोसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. जुना इको असेल तर तोही बरोबर न्यावा. दाब किती दिवसांत किती वाढला, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते.