गाडीत फोन जोडला, पण जोड का टिकत नाही?

(आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रमातील भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, की साहेबांनी आज भात सोडला, भाजीपाला सोडला आणि हे काय काढलं? पण मंडळी, पिकवणं हे निम्मं काम आणि विकणं हे निम्मं काम. आपल्या मुळशी तालुक्यातले कितीतरी शेतकरी आता इंद्रायणीचा तांदूळ, ताजी भाजी, फुलं स्वतःच्या पिकअपमध्ये भरून हिंजवडी, बावधन, कोथरूडला घरोघर पोहोचवतात. ऑर्डर फोनवर येते, पत्ता फोनवर सापडतो आणि पैसेही फोनवरच जमा होतात. म्हणजे तराजू जितका महत्त्वाचा, तितकाच फोन. तो ऐन वेळी बंद पडला, तर माल गाडीत आणि गिऱ्हाईक घरात, अशी गत होते.

हा फोन आपण गाडीच्या डॅशबोर्डवरच्या यूएसबी पोर्टाला केबलने जोडतो. पण पुष्कळांची तक्रार अशी, की जोड टिकत नाही. खड्डा आला की तुटते. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण बॅटरी उतरतच जाते. असं का होतं आणि दोष कसा शोधावा, हे आज आपण पाहू.

माझीच एक चूक

सुरुवातीला माझी चूक सांगतो. मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. भाताची मळणी संपत आली होती. पौड खोऱ्यातले एक शेतकरी दहा-दहा किलोच्या पिशव्या भरून हिंजवडीला निघाले. फोन गाडीला जोडलेला होता, पण दर पाच-दहा मिनिटांनी जोड तुटत होती. सोसायटीच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत फोन पूर्ण बंद. पहारेकरी म्हणाला, वर फोन करून सांगा. फोन कशाने करणार? नंबर पाठ नाहीत. निम्म्या पिशव्या परत आल्या.

ते माझ्याकडे आले. मी केबल हलवून पाहिली आणि बेधडक सांगितलं, "दादा, गाडीचा पोर्ट गेलाय, बदलून घ्या." त्यांनी चौदाशे रुपये खर्चून नवा बसवला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच! मग पिरंगुटला चहाच्या हॉटेलात बसून त्यांच्या फोनच्या चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारून पाहिलं. आत भाताचं तूस आणि पोत्याच्या तागाचे तंतू दाबून बसले होते. मळणीच्या दिवसांत फोन सदऱ्याच्या खिशात असायचा, तिथूनच तो कचरा गेलेला. केबल लावली की ती कचऱ्यावर टेकायची, पुरती आत बसायचीच नाही. दात कोरायच्या काडीने अलगद कचरा काढला, केबल घातली, तर 'टक्' करून बसली. दोष मसुराच्या दाण्याएवढ्या कचऱ्याचा आणि खर्च चौदाशेचा. तो माझ्या सल्ल्याने झाला, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. म्हणूनच आजचं हे भाषण.

आपली मोटर पाणी ओढेनाशी झाली, तर आपण लगेच नवी मोटर आणतो का? नाही. आधी फूटव्हॉल्व्हला कचरा अडकला आहे का ते पाहतो. इथेही तोच नियम. आधी फुकटची तपासणी, मग स्वस्ताची, आणि महागाची सर्वांत शेवटी.

केबलमध्ये असते तरी काय?

साध्या यूएसबी केबलमध्ये मुख्यतः चार तारा असतात. दोन तारा वीज नेतात आणि दोन तारा माहिती नेतात. नुसतं चार्जिंग करायचं असेल तर विजेच्या दोन तारा पुरतात. पण फोनमधला नकाशा किंवा गाणी गाडीच्या पडद्यावर आणायची असतील, म्हणजे अँड्रॉइड ऑटोसारखी सोय वापरायची असेल, तर चारही तारा शाबूत हव्यात.

बाजारात काही स्वस्त केबली अशा मिळतात, की त्यांत माहितीच्या तारा नसतातच. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून केबल घेताना विचारावे, की ही नुसती चार्जिंगची आहे की डेटाचीही आहे. आणि आणखी एक लक्षात ठेवा. "घरी चार्जरला लावली तर चालते, म्हणजे केबल चांगली" हे म्हणणे पुरे खरे नाही. घरच्या चार्जरवर फक्त विजेच्या तारांची परीक्षा होते. माहितीची तार आतून तुटलेली असली, तरी तिथे ते कळत नाही.

तपासणीचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि फोन सगळे एकदम बदलले, तर दोष गेला तरी तो कशात होता ते कळत नाही.

पहिली पायरी : दोष नीट पाहा. खड्ड्यात जोड तुटते का? केबल हाताने हलवल्यावर तुटते का? गाडी सुरू करतानाच तुटते का? की तास-दीड तासाने फोन तापल्यावर तुटते? पुढचा शोध यावरच अवलंबून आहे.

दुसरी पायरी : फोनची खाच. फोन पूर्ण बंद करून टॉर्चने आत पाहा. कचरा असेल तर लाकडी, कोरड्या काडीने कडेकडेने अलगद काढा. सुई, टाचणी किंवा तार मुळीच घालू नका. सी-टाइप खाचेच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ बारीक संपर्कपट्ट्या असतात. सुई लागून ती जीभ वाकली, की दुरुस्तीचा खर्च आलाच. तोंडाने फुंकरही घालू नका. फुंकरीबरोबर ओल आत जाते.

तिसरी पायरी : केबल. दोन्ही टोकांशी, जिथे तार प्लगात शिरते तिथे, ती वाकून वाकून आतून तुटते. चांगली, डेटाची केबल कोणाकडून तरी मागून घेऊन लावून पाहा. त्या केबलने जोड टिकली, तर दोष आपल्या केबलचा. नवी केबल घेताना एक मीटरच्या आतलीच घ्या. लांब आणि बारीक पाइपातून पाण्याचा जोर जसा मरतो, तसाच लांब आणि बारीक तारेतून विजेचा जोर मरतो. केबलला केबल जोडून लांबी वाढवणे तर टाळावेच.

चौथी पायरी : गाडीतला पोर्ट. काही गाड्यांत दोन पोर्ट असतात. एक फक्त चार्जिंगचा आणि दुसरा डेटाचा. चार्जिंगच्या पोर्टात केबल घालून पडद्यावर नकाशा येण्याची वाट पाहणे व्यर्थ. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात कोणता पोर्ट कशासाठी ते दिलेले असते. जुन्या चपट्या चौकोनी पोर्टाचे आयुष्य किमान १,५०० वेळा काढ-घाल होण्याइतके धरलेले असते, तर सी-टाइपचे १०,००० वेळा. रोज चार वेळा काढ-घाल केली, तर चपटा पोर्ट साधारण वर्षभरात त्या आकड्याच्या जवळ पोहोचतो आणि पुढे सैल होऊ शकतो. म्हणून केबल गाडीकडच्या टोकाला लावूनच ठेवावी आणि काढ-घाल फोनकडच्या टोकाला करावी.

आता निदान सोपे होते. चांगल्या केबलने आणि त्याच पोर्टावर दुसऱ्याचा फोन नीट चालला, तर दोष आपल्या फोनमध्ये. कोणताही फोन चांगल्या केबलनेही चालत नसेल, तर दोष गाडीच्या पोर्टात. हे ठरल्यावरच मिस्त्रीकडे जावे.

पाचवी पायरी : फोनमधील निवड. चार्जिंग होते, पण गाडीचा पडदा फोन ओळखत नाही, असे असेल तर केबल लावल्यावर फोनच्या वरून खाली बोट ओढा. यूएसबीची सूचना दिसेल. तिथे 'नुसते चार्जिंग' निवडलेले असेल, तर 'फाइल ट्रान्सफर' किंवा 'अँड्रॉइड ऑटो' निवडा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो बंद करून पाहा. फोन एकदा बंद-चालू करा. घरातल्या शाळकरी मुलाला हे सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल.

चार्जिंग दिसते, पण बॅटरी का उतरते?

गाडीतल्या साध्या जुन्या डेटा पोर्टातून अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट वीज मिळते. इकडे फोनवर नकाशा चालू, पडदा उन्हात दिसावा म्हणून प्रखर केलेला आणि रेंज कमी, म्हणून फोन जास्त जोर लावून टॉवर शोधतोय. अशा वेळी फोन अडीच वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. टाकीत येणारे पाणी अर्धा इंच आणि जाणारे एक इंच, मग टाकी भरणार कशी? अशा वेळी लायटरच्या सॉकेटात बसणारा चांगल्या प्रतीचा चार्जर वापरावा. पिकअप आणि बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे, तर मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात. चार्जरवर छापलेला व्होल्टेज वाचूनच तो घ्यावा.

फोन काचेजवळ उन्हात ठेवू नका. फार तापला की फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. तो दोष नव्हे, ते संरक्षण आहे.

गाडी आधी सुरू करावी आणि फोन मागाहून जोडावा. स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो आणि पुष्कळ गाड्यांत त्या वेळी पोर्टाची वीज तुटते. सॉकेट अजिबात चालत नसेल, तर फ्यूज पाहा. फ्यूज जितक्या अँपिअरचा असेल, तितक्याचाच नवा घालावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची सवय आपल्याकडे आहे. ती मोडायलाच हवी, नाहीतर वायरिंग जळून गाडी पेट घेऊ शकते.

पावसाळ्यातली काळजी

आपल्या मावळपट्ट्यात चार महिने ओल असते. फोनच्या पडद्यावर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह आले, तर समजा खाचेत ओल आहे. केबल ताबडतोब काढा. फोन खाच खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि कोरड्या हवेत ठेवा. चुलीजवळ ठेवू नका.

आणि हो, भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवायची युक्ती आपल्याकडे घरोघर माहीत आहे. ती सोडून द्या. तांदळाचे बारीक कण खाचेत जाऊन नुकसान करू शकतात, असे ॲपल या फोन बनवणाऱ्या कंपनीनेच २०२४ साली स्पष्ट सांगितले आहे. आपला तांदूळ भांड्यात शिजवण्यासाठी आहे, तो तिथेच शोभतो!

घाटात निघताना

ताम्हिणीच्या बाजूला जाणाऱ्यांनी एक भेद लक्षात घ्यावा. केबलची जोड तुटणे वेगळे आणि रेंज जाणे वेगळे. घाटात बरेच ठिकाणी रेंज मिळत नाही. तो दोष केबलने सुटणार नाही. त्यासाठी निघण्याआधी घरीच नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, फोन पूर्ण चार्ज करावा आणि महत्त्वाचे चार-पाच नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवावेत. त्या दिवशी एवढा कागद जवळ असता, तर त्या शेतकऱ्याने पहारेकऱ्याच्या फोनवरून गिऱ्हाइकाला बोलावले असते. अपघात झाला किंवा मदत लागली, तर ११२ लावून पाहावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी तिथे दुसऱ्या कंपनीची असल्यास हा फोन लागू शकतो.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी चालवत असताना केबल चाचपू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत २२ मीटर पुढे जाते. म्हणजे तुमची नजर केबलकडे असते, तेव्हा गाडी तेवढा रस्ता आंधळेपणाने कापते. जोड तुटली तर तुटू द्या. जागा पाहून गाडी कडेला घ्या, थांबवा आणि मग केबल पाहा. ऑर्डर दहा मिनिटे उशिरा पोहोचली तर गिऱ्हाईक रागावेल, फार तर.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. एका वेळी एकच गोष्ट बदला.
२. आधी फोनची खाच पाहा, लाकडी काडीने साफ करा, सुई वापरू नका.
३. केबल एक मीटरच्या आतली, चांगली आणि डेटाची घ्या.
४. गाडी आधी सुरू करा, फोन मागाहून जोडा.
५. ओल असताना केबल लावू नका, फोन तांदळात ठेवू नका.
६. मळणीच्या दिवसांत फोन कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा.
७. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा.
८. गाडी थांबवल्याशिवाय केबलला हात लावू नका.

ते पौड खोऱ्यातले शेतकरी आता दर रविवारी खेपेला निघण्याआधी टायरची हवा पाहतात, ताडपत्रीची दोरी पाहतात आणि फोनच्या खाचेत टॉर्च मारून पाहतात. पिशव्या परत येत नाहीत. तुम्हीही ही तपासणी एकदा करून पाहा, आणि शेजाऱ्यालाही सांगा. दोष सापडला नाही, तर फोन आणि केबल दोन्ही घेऊन मला भेटा. या वेळी मी घाईने पोर्ट बदलायला सांगणार नाही, एवढी खात्री बाळगा.

नमस्कार.