पाणी, जमीन आणि धोटा : कुलाबा किनाऱ्यावरील समतेचा व श्रमाचा लढा



आजचा रायगड, म्हणजे 1981 पूर्वीचा कुलाबा जिल्हा, मराठी इतिहासलेखनात दोन घटनांसाठी वारंवार उल्लेखिला जातो : 1927 चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि 1933 ते 1939 असा सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप. पहिली घटना सामाजिक समतेच्या प्रकरणात आणि दुसरी शेतकरी चळवळीच्या प्रकरणात नोंदवण्याची रीत इतकी रूढ झाली आहे की, एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीत आणि अनेकदा त्याच माणसांच्या हातून घडलेल्या या लढ्यांचे परस्परांशी नाते काय होते, हा प्रश्नच मागे पडला. या नात्याचा, आणि त्यात साम्यवादी कार्यकर्त्यांनी उचललेल्या वाट्याचा, त्यांच्या उणिवांसह विचार करणे हा या अध्यक्षीय भाषणाचा विषय आहे.

या विषयाचा आरंभ रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यापासून करणे उचित ठरेल. 1903 साली महाडजवळच्या लाडवली गावी, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजात जन्मलेल्या मोरे यांना शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या शाळकरी मुलाने वृत्तपत्रात पत्र लिहून दाद मागितली. पुढे महाडच्या बाजारात दूरदूरच्या खेड्यांतून लाकूडफाटा, गवत विकायला येणाऱ्या आपल्या माणसांना दिवसभर घोटभर पाणीही मिळत नाही, हे पाहून त्यांनी तेथे अस्पृश्यांना हक्काने बसता येईल असे चहाचे दुकान सुरू होण्यासाठी खटपट केली. बाजारहाट, अर्ज लिहून घेणे, गावोगावची खबरबात अशा कामांच्या निमित्ताने लोक तेथे टेकू लागले आणि त्या दुकानाचे आपसूकच चळवळीच्या ठाण्यात रूपांतर झाले. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेमागे अशी बारीकसारीक पायाभरणी होती, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या परिषदेसाठी पाचारण करणाऱ्यांत मोरे अग्रभागी होते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला होता आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा निर्णयही घेतला होता. परंतु कागदावरचा हक्क ओंजळीत आणण्यासाठी त्या परिषदेच्या वेळी हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले, त्यानंतर मारहाण सोसावी लागली, आणि त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास 1937 साल उजाडले. या लढ्यात आंबेडकरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले अनंत विनायक चित्रे हे पुढे खोती या जमीनमहसुलाच्या पद्धतीविरुद्धच्या चळवळीतही दिसतात, आणि स्वतः मोरे 1930 च्या सुमारास साम्यवादी पक्षात गेले, तरी आंबेडकरांविषयीचा त्यांचा आदर आणि आंबेडकरी चळवळीशी असलेला त्यांचा संबंध आयुष्यभर टिकून राहिला. पाण्याचा हक्क मागणारी माणसे जमिनीकडे आणि मजुरीकडे का वळली, याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांत आणि अलिबागच्या खारेपाटातील भातशेतांत मिळते.

कोकणातला माणूस गिरणीत गेला, तेव्हा जात गावाच्या वेशीवर थांबली नाही. कापड गिरणीतील साचाखाते, म्हणजे मागांवर कापड विणण्याचे खाते, हे अधिक मजुरीचे होते. मात्र तेथे धोट्यात, म्हणजे मागावर आडवे सूत वाहून नेणाऱ्या साधनात, सुताची नवी कांडी बसवताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्य कामगाराच्या उष्ट्याने विटाळ होतो, या सबबीवर सवर्ण कामगार त्याला त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत. परिणामी दलित कामगार कमी मजुरीच्या कताई खात्यांतच अडकून पडला. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील सहा महिन्यांचा मोठा संप साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली झाला, तेव्हा ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा आग्रह आंबेडकरांनी धरला. ती मागणी नेत्यांनी स्वीकारली, पण काहीशा नाखुशीने. पुढच्याच वर्षीच्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. सर्व कामगारांचे हित एक आहे असे सांगणाऱ्या संघटनेला आपल्याच सभासदांमधील विटाळ प्रथम दिसला नाही, आणि दिसल्यावरही तो दुय्यम वाटला, ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली पाहिजे. या उणिवेची किंमत दोन्ही चळवळींनी मोजली.

याच्या उलट चित्र चरीच्या संपात दिसते. खोती म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मध्ये उभा राहून सारा वसूल करणाऱ्या खोताची वंशपरंपरागत सत्ता. आणि खारेपाट म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवून लागवडीखाली आणलेली भातजमीन. या जमिनीचे बांध घालणे, उधाणात खांड पडली तर रात्री-अपरात्री चिखलात उतरून ती बुजवणे, उघाडीची दारे राखणे हे सारे काम कुळे करीत, मात्र पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या कोठारात जाई. शिवाय वेठ, म्हणजे मोबदल्यावाचून करून घेतलेले काम, निराळे असे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या सभेत खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय झाला आणि आसपासची पंचवीसेक गावे त्यात उतरली. सहा वर्षे जमीन ओस राहिली, बांध फुटले, शेतात खारे पाणी शिरले, आणि प्रामुख्याने आगरी समाजातील या कुटुंबांनी लाकडे तोडून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. 1934 च्या डिसेंबरात आंबेडकर चरीला आले आणि संपकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. महाडच्या तळ्याचा नेता आगरी कुळांच्या सभेत बोलतो, ही घटना जातींच्या भिंती ओलांडणाऱ्या एकजुटीची पहिली ठळक खूण मानावी लागेल.

चरीचा संप साम्यवादी पक्षाने चालवला नव्हता, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. परंतु त्यातून जे वातावरण तयार झाले त्यात दोन्ही प्रवाह एकत्र येऊ शकले. 1936 मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. त्या मोर्चात साम्यवादी कार्यकर्ते सामील होते, आणि त्याचे एक संघटक शामराव परुळेकर हे तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते व पुढे साम्यवादी नेते झाले. त्याच वर्षी संपाच्या अधिकारावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपात आंबेडकर आणि डांगे, निंबकर, मिरजकर प्रभृती साम्यवादी नेते एका बाजूला उभे होते. दहा वर्षांपूर्वी धोट्यावरून दुरावलेली माणसे संपाच्या हक्कासाठी एकत्र आली.

या घडामोडी जगापासून तुटलेल्या नव्हत्या. अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, गोऱ्या जमीनदारांची शेती वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संघटना 1931 मध्ये साम्यवाद्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि त्याच वर्षी खोट्या आरोपात गोवलेल्या स्कॉट्सबरो खटल्यातील नऊ कृष्णवर्णीय तरुणांचा बचाव साम्यवाद्यांशी संलग्न कायदेविषयक संघटनेने हाती घेतला. तेथेही जो वर्णभेद शेतात होता तोच न्यायालयात होता, आणि ज्या संघटनेने दोन्हींना एकदम हात घातला तिच्यावरच भूमिहीनांचा विश्वास बसला. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तो या साम्याच्या जाणिवेतूनच.

मोरे यांचे वैचारिक मोठेपण या पार्श्वभूमीवर कळते. 1953 मध्ये त्यांनी आपल्या पक्षाच्या नेतृत्वाला अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था या प्रश्नांवर टिपण सादर केले आणि पक्षाने या प्रश्नाला आपल्या कार्यक्रमात योग्य स्थान द्यावे असा आग्रह धरला. अस्पृश्यतेचा दाह लाडवली आणि महाडमध्ये भोगलेला माणूस पक्ष सोडत नाही, आणि पक्षाला त्याची चूक सांगणेही सोडत नाही, ही निष्ठेची अवघड जात आहे. 1965 मध्ये सुरू झालेल्या ‘जीवनमार्ग’ या साप्ताहिकाची धुरा त्यांनी वाहिली आणि 1972 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने वाचकांपर्यंत पोहोचायला मात्र त्यानंतर तीन दशके लागली.

या साऱ्या पुराव्यांवरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. आर्थिक लढा जिंकला की जातिभेद आपोआप विरघळेल हा भरवसा गिरणीत खोटा ठरला, आणि तळ्याचे पाणी मिळाले तरी पायाखाली जमीन नसेल तर मान टिकत नाही, हे खारेपाटाने दाखवले. समतेची मागणी पहिल्याच मागणीपत्रात असावी लागते; ती विजयानंतरच्या वाटपासाठी राखून ठेवता येत नाही. 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा हे या संयुक्त लढ्यांचे फलित आहे, आणि ते ज्या वर्षांत हे प्रवाह एकत्र होते त्या वर्षांच्या कष्टांवर उभे आहे.

या परिषदेला, आणि विशेषतः तरुण अभ्यासकांना, अखेरीस एक आवाहन करावेसे वाटते. खारेपाटातील घराघरांत पडून असलेल्या कबुलायती, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेले करारनामे, वसुलीच्या पावत्या, जुन्या सभांची पत्रके आणि ‘कृषीवल’ या वृत्तपत्राचे जुने अंक वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी जमा करून त्यांची सूची करावी, महाड आणि अलिबाग, महारवाडा आणि आगरवाडी, गिरणी आणि शेत यांचा इतिहास एकत्र लिहावा, आणि संपाच्या काळात चूल पेटती ठेवणाऱ्या, पण कोणत्याही कागदावर ज्यांची सही नाही अशा स्त्रियांच्या आठवणी, त्यांच्या लेकीसुनांकडून का होईना, नोंदवून घ्याव्यात. हे काम जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने आणि वाचनालयाने आपापल्या तालुक्यापुरते वाटून घेतले, तर ते याच पिढीत पुरे होईल.