अडगळीतलं कार्ड आणि नवा संगणक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



साधारण २००० सालाच्या आसपास ज्यांनी घरी संगणक घेतला, त्यांच्यापैकी अनेकांनी त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून घेतलं होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत ही कार्डं सहज मिळत. केबलची वायर मागे लावायची आणि संगणकाच्याच पडद्यावर क्रिकेट बघायचं. पुढे संगणक बदलले आणि कार्ड माळ्यावरच्या खोक्यात गेलं. ते आजच्या संगणकावर चालतं का, आणि चालवून उपयोग काय, हे मला आज सांगायचं आहे.

आधी उपयोगाचं बोलू. टीव्ही बघायला ते कार्ड आता निरुपयोगी आहे. त्याला जुनं अॅनालॉग प्रक्षेपण तेवढं समजतं. मुंबईच्या केबलला डिजिटल होण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती, पुणे, नाशिक, नागपूरला ३१ मार्च २०१३ ची. खेडोपाडीची मुदतही २०१७ च्या मार्चमध्ये संपली. दूरदर्शनचे बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपकही २०२१ पर्यंत बंद झाले.

पण त्याच कार्डावर बहुधा एक पिवळं सॉकेट असतं. ते व्हीसीआरसाठी. आणि व्हीसीआरच्या कॅसेट अजून घरोघरी आहेत. लग्नं, मुंजी, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं. फोटोत माणूस दिसतो, पण कॅसेटमध्ये तो चालतो, बोलतो, कुणाला तरी हाक मारतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आमचे वडील पंगतीत आग्रह करताना दिसतात. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. ती कॅसेट संगणकात उतरवायची म्हणून मी जुनं कार्ड बाहेर काढलं. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, हे भंगारात द्या.” पण कार्ड बिघडलेलं नव्हतं. त्याच्या वाटेत तीन अडचणी होत्या, इतकंच.

पहिली अडचण जागेची. ही कार्डं पीसीआय नावाच्या खाचेत बसतात. २०११ च्या सुमारास इंटेलने घरगुती संगणकांच्या चिपसेटमधून पीसीआयची सोय काढायला सुरुवात केली. आज बहुतेक मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसच असतं आणि जुनं कार्ड त्यात बसत नाही. त्यासाठी दोहोंमध्ये दुभाष्याचं काम करणारी चिप असलेली जोडपट्टी मिळते. मात्र ती लावल्यावर कार्डाची उंची वाढते आणि डब्याचं झाकण बसेलच असं नाही. काही जोडपट्ट्यांना विजेची वेगळी वायरही लागते. लॅपटॉपवाल्यांनी या फंदात पडू नये. त्यांनी यूएसबीवर चालणारं साधन घ्यावं.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. कार्डासोबतची सीडी असते विंडोज ९८ किंवा एक्सपीची. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चढत नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटचीच आहे. अशा वेळी लिनक्स उपयोगी पडतं. त्या काळच्या पुष्कळ कार्डांवर ब्रुकट्री कंपनीची बीटी८७८ ही चिप असे. तिचा बीटीटीव्ही नावाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आजही आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, तर विंडोजला हातही लावावा लागत नाही. स्वस्त कार्डांना कधी कधी आपली ओळख सांगता येत नाही. तेव्हा ड्रायव्हरच्या यादीतून कार्डाचा क्रमांक शोधून हाताने द्यावा लागतो. चित्र काळंपांढरं किंवा फिरत दिसलं, तर आधी पाल ही पद्धत निवडली आहे का ते बघावं. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या असतात.

तिसरी अडचण आवाजाची. यातल्या बऱ्याच कार्डांचा आवाज एका छोट्या वायरने साउंड कार्डात न्यावा लागे. त्यापेक्षा व्हीसीआरचा आवाज थेट संगणकाच्या निळ्या लाइन-इन सॉकेटमध्ये द्यावा. चित्र येतं पण आवाज नाही, या तक्रारीचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

एवढं जमलं की गंमत कळते. हे कार्ड चित्र न दाबता, जसंच्या तसं संगणकाच्या हवाली करतं. हा माल सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ७५ गिगाबाइट होतो. त्या वेळच्या संगणकाला तो झेपत नसे, चित्र अडखळे. आजचा संगणक तो येता येताच दाबून साठवतो. म्हणजे हेच कार्ड तेव्हापेक्षा आज जास्त चांगलं काम करतं.

आता कॅसेटची काळजी. आपल्या पावसाळी हवेत, विशेषतः कोकणात, कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट मुळीच लावू नये. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटही खराब होतात. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगली दिसणारी कॅसेटही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणावी आणि मगच चालवावी. पहिल्याच खेपेला रेकॉर्डिंग करावं, कारण जीर्ण फीत दुसरी संधी देईलच असं नाही.

आणि हे काम लांबणीवर टाकू नये. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हा नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आता आहेत ते जुनेच, आणि तेही एकेक करून बंद पडत आहेत. कार्ड अजून पाच वर्षं खोक्यात थांबेल, फीत थांबणार नाही.

उतरवून झालं की दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा. एक भावंडाकडे द्या. आणि चित्रात कोण कोण आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून आजच लिहून घ्या. चेहरे संगणक सांभाळेल, पण त्यांची नावं आणि नाती आपल्यालाच सांगावी लागतील.